डिस्प्लेवरचे ४ अंश आणि आंबलेलं ताक

प्रश्न : गिरगावात माझं ताक, पियूष, मसाला दुधाचं छोटं दुकान आहे. काउंटरवर मी, मदतीला भाचा आणि एक मुलगा. मार्चमध्ये ४८ हजारांचा विसी कूलर, म्हणजे काचेच्या दाराचा दुकानातला फ्रीज, घेतला. मे महिन्यापासून सकाळी भरलेलं ताक दुपारपर्यंत आंबतं, पण डिस्प्लेवर ४ अंशच दिसतात. मेकॅनिक दोनदा आला आणि 'मशीन बरोबर आहे, तुम्हीच दार फार उघडता' असं सांगून गेला. डीलर म्हणतो, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक कोर्टात चालतच नाही. खरं का?

उत्तर : ताई, डीलरनं तुम्हाला कायद्याचं अर्धंच वाक्य ऐकवलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेली वस्तू वगळली आहे. पण त्याच कलमाला स्पष्टीकरण जोडलेलं आहे : स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. हाताखाली एकदोन माणसं असली म्हणून ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगून ठेवलंय. तरी तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात 'हे दुकान मी स्वतः चालवते आणि यावरच घर चालतं' असं स्पष्ट लिहा. हे वाक्य राहून गेल्यामुळे चांगल्या तक्रारी अडकतात.

मला काळजी आहे ती त्या ४ आकड्याची. डिस्प्ले दाखवतो ते सेन्सरजवळच्या हवेचं तापमान. बाटलीतलं ताक किती गार आहे, हे त्याला कळत नाही. समोरचा वकील मात्र त्याच आकड्याचा फोटो पुढे करणार. म्हणून तुमचा आकडा तयार ठेवा. साधा थर्मामीटर आणा. एक पेला पाणी मधल्या कप्प्यात, एक दाराजवळ वरच्या कप्प्यात ठेवा. पाणी हवेसारखं दर मिनिटाला बदलत नाही, म्हणून ते ताकाच्या जवळचं उत्तर देतं. सकाळी, दुपारी, रात्री थर्मामीटर आणि डिस्प्ले एकाच फोटोत येतील असे आठवडाभर फोटो काढा. मूळ फोन विकू नका. फोटो पुरावा म्हणून द्यायचे तर ते कोणत्या फोननं कसे काढले, याचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं.

त्याआधी स्वतःची बाजू स्वच्छ करा, अक्षरशः. गिरगावातल्या गाळ्यांत कूलर भिंतीला चिकटवलेला असतो. मागची गरम हवा जाणार कुठे? कंडेन्सरवरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची, धूळ झाडा, दाराचं रबर नीट बसतंय का पाहा, आतल्या पंख्यासमोर बाटल्या रचू नका आणि कोमट दूध थेट आत ढकलू नका. एवढं करूनही पेल्यात १०–१२ अंश आले, तर 'दार फार उघडता' या उत्तरात दम राहत नाही. दुकानातल्या कूलरचं दार उघडणारच, ते काय देवघर आहे?

आता खरेदीचा दिवस आठवा. 'ताक-पियूष ठेवायचंय' असं तुम्ही डीलरला सांगितलं होतं का? थंड पेयांचे बरेच कूलर साधारण २ ते ८ अंशांसाठी असतात. सोड्याला ८ चालतात. दुधाच्या पदार्थाला ५ किंवा त्याखालीच हवं. तुमची गरज कळल्यावर त्यानं हे मॉडेल गळ्यात मारलं असेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ खाली ते त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याची, मशीनमध्ये बिघाड नसला तरी. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कोटेशन, बिल शोधा. मॉडेलचं नाव घेऊन तुम्हीच मागितला असेल, तर हा मुद्दा पातळ होतो आणि केस फक्त दोषावर उभी करावी लागते. मॅन्युअलमध्ये बाहेर किती उष्णता असताना किती थंडावा मिळेल, तेही पाहा.

नोटीस डीलर आणि उत्पादक दोघांनाही पाठवा, स्पीड पोस्टनं, १५ दिवसांची मुदत देऊन. बदली किंवा परतावा मागा, वर नासलेल्या मालाची भरपाई. त्यासाठी दुधाची बिलं आणि रोज किती ओतून दिलं त्याची वही लागेल. उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग. किंमत ५ लाखांच्या आत असल्यानं फी शून्य, तक्रार करायची मुदत दोन वर्षं, वकील लावायलाच हवा असं नाही. गरज पडल्यास आयोग प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतो, त्यामुळे तोवर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला मशीन उघडू देऊ नका.

दरम्यान ताक बर्फाच्या पेटीत ठेवा. आंबलेला माल गिऱ्हाइकाच्या पोटात गेला, तर अन्न सुरक्षा अधिकारी आधी तुमच्याच काउंटरवर येईल. आणि मेकॅनिकनं दोन्ही वेळा दिलेली जॉबशीट, म्हणजे भेटीत काय तपासलं त्याचा कागद, आजच शोधा. त्यावर तापमान लिहिलं असेल, तर ते त्यानं कशानं मोजलं, बाटलीत की नुसत्या डिस्प्लेवरून उतरवलं, हे नोटिशीत विचारायचंय.