पोरगी दोरीनं विहीर मोजते, ही तक्रार आहे का?

केज तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी संभाजीनगरला बीएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क 71 टक्के. हवामान बदलामुळं विहिरी, नद्या, धरणं यांच्या पाण्याचं काय होईल याचं कॉम्प्युटरवर मॉडेलिंग करतात, ते तिला पुढं शिकायचंय. वडील म्हणतात एमपीएससी कर, कारण चार बोअर कोरडे गेले, कर्ज झालं, "आता सगळं तिच्याच भरवशावर". आणि "शेवटी बोअरचा पॉइंटच दाखवायचा ना, आमच्या गावातला पाणाड्या हातावर नारळ ठेवून दाखवतो, त्याला कुठं डिग्री लागते". शेवटची ओळ अशी की घरी आली की अभ्यास सोडून दोरीला गाठी मारून विहिरीत सोडत बसते अन् कॅलेंडरवर आकडे लिहिते, दोन वर्षं झाली, तुम्हीच समजवा.

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. मुलीचे मार्क त्यात एकदा आलेत आणि कर्ज पाच वेळा. चार बोअर घेतले तेव्हा ती शाळेत होती, तिला विचारून घेतले नव्हते, मग त्याचा हप्ता तिच्या डोक्यावर कसा काय आला? तुम्ही वाईट बाप आहात असं नाही म्हणत मी, दुष्काळात माणूस काय काय करून बघतो हे मला माहिती आहे, पण वीस वर्षांच्या लेकीला "तुझ्याच भरवशावर" हे वाक्य रोज ऐकवलं तर ती एमपीएससीचाही अभ्यास नीट करणार नाही आणि जिऑलॉजीचाही नाही. शिवाय एमपीएससी म्हणजे काय कर्ज फेडायची हमी आहे का? चार-पाच वर्षं खोली भाड्यानं घेऊन, मेसचा डबा खाऊन रिकाम्या हातानं परत आलेली पोरं माझ्याकडं दर आठवड्याला येतात. कर्जासाठी बँकेत जाऊन पुनर्गठनाचं विचारा, तो विषय तुमचा आणि बँकेचा. लेकीचा नाही.

आता पाणाड्याचं. हा गैरसमज फक्त तुमचा नाही, शिकलेल्या लोकांचाही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॉडेल बोअरचा पॉइंट दाखवत नाही, आपल्या काळ्या पाषाणात तर नाहीच, कारण इथं पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, एका बांधाला लागतं आणि दोनशे फुटांवर धूळ उडते. मॉडेल म्हणजे पाण्याचा जमाखर्च. अख्ख्या खोऱ्याचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची माती, उतार, पीक भरायचं, रोजचा पाऊस आणि तापमान द्यायचं, मग किती वाहून गेलं, किती उडालं, उसानं किती प्यायलं, खाली किती मुरलं याचा हिशोब लागतो. वरच्या पाण्यासाठी स्वॅट, भूजलासाठी मॉडफ्लो अशी सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट मिळतात. आलेला हिशोब नदीच्या आणि विहिरींच्या खऱ्या मोजणीशी ताडून बघायचा, जुळत नसेल तर दुरुस्त करायचा, आणि जुळला की मगच पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं हवामान त्यात घालायचं. तेही एकाच अंदाजाचं नाही, जगभरच्या अनेक हवामान मॉडेलांचं, कारण त्यांचं आपसात जुळत नाही. एकच आकडा छातीठोक सांगणारा माणूस या कामात चालत नाही.

अन् याची गरज तुमच्याइतकी कोणाला कळावी? मांजरा धरण तुमच्याच तालुक्यात, धनेगावला. ते आटलं म्हणून 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि सप्टेंबर 2021 ला त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठचं सोयाबीन पाण्यात गेलं. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, एका अंशाला साधारण 7 टक्के, म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधे खंड पडतो. कोसळलेला पाऊस बेसाल्टमधे, म्हणजे आपल्या त्याच काळ्या पाषाणात, फारसा मुरत नाही, वाहून जातो. म्हणजे वर्षाची सरासरी तीच राहूनही विहीर कोरडी पडू शकते. किती आणि कधी, हे कोणीतरी मोजून सांगायला पाहिजे ना.

रस्ते थोडक्यात: जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग पुढच्या संशोधनासाठी गेट किंवा नेट परीक्षा. शिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिक लागतात आणि त्यातली सहायक भूवैज्ञानिकाची जागा एमपीएससीच भरते, केंद्रीय भूजल मंडळासाठी यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, म्हणजे तुमचं आणि तिचं भांडण मुळात ज्यावर चाललंय ते तसं नाहीच. तिलाही एक कडक सांगतो: बारावीनंतर गणित सुटलं असेल तर ते आधी उचल, पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शीक. नुसतं सॉफ्टवेअर चालवता येणारे खूप आहेत, त्यातलं गणित समजणारे कमी. आणि प्रोजेक्टवरची पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी, नोकरी कंत्राटी, हे घरात आत्ताच बोलून घ्या.

राहिली ती दोरी. भाऊ, आपल्या खडकात पातळी 1 मीटर उतरली म्हणजे खडकातून निघालेलं पाणी तेवढ्याच जमिनीवर सपाट पसरलं तर साधारण 1 ते 3 सेंटीमीटरच भरतं, इतकी कमी साठवण आहे, म्हणून एखादा चांगला मुरवणी पाऊस झाला की विहीर एकदम वर येते. हे सगळं तिच्या कॅलेंडरवर असणार. सरकारच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारेक वेळा मोजतात आणि तुमच्या घरात दोन वर्षांची मोजणी भिंतीला टांगलेली आहे! मॉडेल ताडून बघायला लागते ती नेमकी हीच चीज. तिला म्हणावं, ती पानं रद्दीत जाऊ देऊ नको, फोटो काढून मला पाठव आणि पुढचं पत्र तू स्वतः लिही. गावातला पाऊसही रोज मोज. दोरी विहिरीच्या काठावरच्या एकाच खुणेवरून सोडायची, सकाळी, आणि त्याआधी रात्रभर मोटर बंद पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. तेवढी मोटर तुम्ही बंद ठेवा.