एटीसी व्हायचंय? आधी गणिताचं बघा

प्रश्न : मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विषय फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. एटीसीच (एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक) व्हायचं म्हणतो. सांगलीत एक क्लास अडीच लाखांत ‘एटीसी डिप्लोमा’ देतोय, तो करू द्यावा का? मंडळींना भीती वाटते. मुंबई आणि नवी मुंबई, दोन विमानतळं इतकी जवळ. पोराची एक चूक झाली तर शेकडो जीव जातील. – एक पालक, विटा

उत्तर : नमस्कार. अडीच लाख घरातच ठेवा. नागरी एटीसीची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. निवडलेल्यांना तेच प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियात शिकवतं. खासगी डिप्लोमा त्या भरतीत कुणी विचारत नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. पत्रात गणिताचा उल्लेख नाही. या पदासाठी बी.एस्सी.ला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात (इंजिनिअरिंग केलं तर शाखा कुठलीही चालते, पण एखाद्या सेमिस्टरला हे दोन विषय झालेले हवेत). तिसऱ्या वर्षी हे लक्षात येऊन कपाळावर हात मारणारी मुलं दरवर्षी भेटतात.

आता मंडळींच्या भीतीबद्दल. दोन विमानांमध्ये उंचीचं १,००० फूट अंतर हवं. ते नसेल तर आडवं अंतर हवं : रडारवर विमानतळाजवळ साधारण ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, आणि दूरच्या मार्गावर ५. दोन्हींपैकी एक पुरतं. पण एक सुटण्याआधी दुसरं लागू झालेलं असावं लागतं. एटीसीचं निम्मं काम हेच. शेजारच्या विमानतळांचे येण्याजाण्याचे मार्गही आधीच या हिशेबाने आखलेले असतात, ऐनवेळी कुणी डोकं लढवत बसत नाही.

समांतर धावपट्ट्यांवर दोन विमानं एकाच वेळी उतरतात तेव्हा खरी कसोटी असते. दोघं आपापल्या धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ-रेषेवर स्थिर होईपर्यंत १,००० फूट किंवा ३ मैल सोडायचे नाहीत. त्यानंतर ती शेजारी शेजारी उतरू शकतात, पण मधला किमान ६१० मीटरचा पट्टा दोघांनाही वर्ज्य. त्या पट्ट्यावर डोळा ठेवायलाच वेगळा नियंत्रक असतो. एखादं विमान त्यात घुसलं तर तो वळवतो ते दुसऱ्याला, बरोबर चाललेल्याला. चुकलेला वैमानिक ऐकेलच याचा भरवसा नसतो. मला हा नियम फार आवडतो. चूक कुणाची हे नंतर ठरतं.

१९९६ साली हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली. नियंत्रकाने एकाला १५,००० आणि दुसऱ्याला १४,००० फूट दिले होते. पहिलं विमान दिलेल्या उंचीखाली उतरलं. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. पुढे येणारे-जाणारे मार्ग वेगळे झाले आणि विमानात धडकेचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. सगळा भार एका पोराच्या डोक्यावर राहू नये म्हणूनच हे थर आहेत.

मुलगा हुशार आहे का, यापेक्षा मी त्याचा स्वभाव विचारेन. ऐकलेला आकडा तो जसाच्या तसा परत म्हणतो का? नीट ऐकू आलं नाही तर न लाजता ‘पुन्हा सांगा’ म्हणतो का? इथे वैमानिकाने परत म्हटलेला प्रत्येक आकडा कान देऊन तपासावा लागतो, तोही इंग्रजीत. अंदाजाने ‘हो हो’ म्हणणाऱ्याने दुसरं काहीतरी बघावं. तडफदार, धाडसी मुलांबद्दलही मी जरा साशंकच असतो.

संगणकावरच्या लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी असते. खुल्या गटाला वयाची अट २७ वर्षं. जुन्या जाहिराती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतात, त्या त्याला स्वतः वाचू द्या. त्याला टॉवर बघायची हौस असेल तर चौकशी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर करा. पुण्याच्या लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे आहे.

या आठवड्यात दोन कामं करा. कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षापासून गणित घेता येतं का आणि पदवीच्या गुणपत्रकावर ते कसं दिसेल, हे विचारा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. त्यात अडचण निघाली तर ती आत्ताच कळलेली बरी.