केवायसी पुरवठादार निवडताय? आधी एवढं बघा

पहिल्याच क्रिप्टो प्रोजेक्टसाठी केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळणी, करून देणारी कंपनी कशी निवडायची असं विचारताय, तर दरपत्रकं सध्या बाजूला ठेवा. आधी लिहून काढा: वापरकर्ते कुठल्या देशांतले, आणि त्यांची क्रिप्टो तुमच्या ताब्यात येते का? येत असेल तर एफएटीएफने (मनी लाँडरिंगविरोधी नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१९ मध्ये क्रिप्टोला लावलेला ट्रॅव्हल रूल बहुधा तुमच्याही मागे लागेल. म्हणजे पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती व्यवहारासोबत पुढे द्यायची. नुसतं ओळखपत्र तपासणारा पुरवठादार तिथे पुरत नाही.

मग चाचणीसाठी खातं मागा. डेमोत सगळ्यांचंच छान चालतं हो! ओळखपत्राचा तिरका, चकाकणारा फोटो टाका. दुसऱ्या मोबाइलवरचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा. लाइव्हनेस तपासणी (समोर खरा, जिवंत माणूस आहे का ते बघणारी) त्याला फसली, तर विषय संपला.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ओळखीची माहिती, अगदी तिचा हॅशसुद्धा (माहितीवरून काढलेला सांकेतिक ठसा), ब्लॉकचेनवर टाकणं. मीही केलंय हे. चेनवरचं पुसता येत नाही, आणि जीडीपीआरखाली (युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा) वापरकर्ता ते पुसायला सांगू शकतो.
- निर्बंध यादी (ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे अशांची) फक्त खातं उघडताना तपासणं. यादी बदलत राहते.

झीरो-नॉलेज (माहिती न दाखवता ती खरी असल्याचं सिद्ध करणं) वगैरे नंतर बघू. करारात मात्र डेटा परत मिळण्याचं कलम आत्ताच घालून घ्या.