राजकारण, तंत्रज्ञान, सिनेमा: मुक्त पत्रकाराने एकच विषय धरावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा दैनिकातली नोकरी सोडून मुक्त पत्रकारिता करायची आहे, राजकारण, तंत्रज्ञान आणि सिनेमा-रील्स या तिन्हींवर लिहायला आवडतं, पण सगळे म्हणतात एकच विषय धर. काय करावं?

तिन्ही धरा.

‘एकच विषय धर’ हा सल्ला मलाही अकरा वर्षांपूर्वी मिळाला होता आणि मी तो दोन वर्षं पाळला. तंत्रज्ञान हा माझा विषय, म्हणून नव्या मोबाइलचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यावर लिहीत बसले. तसं लिहिणारे ढिगाने होते. माझ्या आईच्या आणि शेजारणींच्या फोनमध्ये जे घडत होतं, ते मात्र कुणीच लिहीत नव्हतं.

एक प्रसंग सांगते. ऑक्टोबर २०२५. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेतू केंद्रासमोर लाडकी बहीण योजनेतल्या बायकांची ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवून देण्यासाठी, रांग होती. मी सकाळी नऊपासून तिथे उभी होते. साठीच्या एक मावशी आत गेल्या. ऑपरेटरने त्यांचा आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला, मावशींनी फोन डोळ्यांपासून लांब धरून एकेक आकडा वाचून दाखवला. मग पुढची चौकट उघडली: पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक. त्यावरही ओटीपी येणार. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, वडील त्याच्याही आधी गेलेले. मावशी ऑपरेटरला म्हणाल्या, ‘त्यांचा फोन तर मी तेव्हाच विकला.’

आता हे वाक्य कोणत्या विषयाचं, सांगा. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये, ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर पैसे खात्यात आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान. हे राजकारण झालं. अर्जाचं ॲप, आधारशी जोडलेलं खातं, ओटीपी हे तंत्रज्ञान. पण ती चौकट आखताना प्रत्येक बाईमागे एक हयात पुरुष आणि त्याचा चालू फोन असणारच असं गृहीत धरलं गेलं, ते कुठल्या खान्यात टाकाल? आणि त्याच रांगेत पोरी योजनेच्या गाण्यांवरची रील्स बघत होत्या. २०२४ च्या प्रचारात अजित पवारांनी अंगावर चढवलेलं गुलाबी जाकीट अजून लोकांच्या बोलण्यात होतं. एका रांगेतून माझे तीन लेख झाले, तीन वेगळ्या ठिकाणी छापून आले.

पुढे सरकारने मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पती आणि वडील दोघेही नसलेल्या महिलांनी स्वतःपुरती ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं ठरलं. हे माझ्या लेखामुळे झालं असं मी म्हणणार नाही. गावोगावचे वार्ताहर महिनाभर हेच लिहीत होते, त्यांचं ते श्रेय आहे.

म्हणून विषय कमी करू नका, कागद वाढवा. मुक्त पत्रकाराच्या पाठीशी संस्था नसते. कुणी नोटीस पाठवली तर तुमच्याकडचा कागदच उभा राहतो. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात, ती निकालानंतरही वाचा. मेटाची ॲड लायब्ररी तर फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिराती तिथे सात वर्षं राहतात: पैसे कुणाच्या नावाने भरले, अंदाजे किती, कोणत्या राज्यात आणि कोणत्या वयाच्या लोकांना दाखवल्या. एखादं विनोदी व्हिडिओंचं पान ऐन निवडणुकीत जाहिरातींवर खर्च करताना दिसलं, की तुमचे तिन्ही विषय तिथेच एकत्र आले समजा.

माहिती अधिकाराची सवय आत्ताच लावून घ्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. इथे एक गोष्ट मला मनापासून डाचते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येईल, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण नकाराला पुरतं. कलम ८(२) मधली जनहिताची वाट शिल्लक आहे, पण ती अर्जदाराला भांडून मिळवावी लागते. त्यामुळे अर्जात नावं मागू नका. किती अर्ज बाद झाले, कोणत्या कारणाने, तालुक्यानुसार किती, असे आकडे मागा.

पैशाचं सांगायचं तर नोकरी लगेच सोडू नका. सहा महिन्यांचं घरभाडं बाजूला पडेपर्यंत सुट्टीच्या दिवशी लिहा. लेख पाठवण्याआधी मानधनाचा आकडा ईमेलवर लेखी घ्या. एका साप्ताहिकाने माझे चार लेखांचे पैसे सात महिने अडकवले होते, शेवटी त्या एका ईमेलवर निघाले. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला गेला तर रिटर्न भरा, बहुतेकदा तो परत मिळतो. आणि एसटीची तिकिटं जपून ठेवा. काही संपादक प्रवासखर्च देतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

त्या मावशींना मी डिसेंबरात फोन केला होता. दाखला दिलात का, विचारलं. म्हणाल्या, ‘दिला गं, पण पावती कुणी दिली नाही.’ मग तशी पावती देण्याची काही सोय ठरवून दिली आहे का, असं विचारणारा अर्ज मी महिला व बालविकास विभागाकडे टाकला.