ड्युएननंतरचा ऑलमन ब्रदर्स बँड

प्रश्न : ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी रॉक बँडचे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातील प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण मला अतिशय आवडते. त्यानंतर ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ (१९७३) ऐकला, तर ब्लूजचा तो आवेश ओसरून कंट्री (अमेरिकी ग्रामीण वळणाच्या) संगीताचे वळण आलेले जाणवले. बँडने लोकप्रियतेसाठी वाट बदलली का? — एक वाचक, सांगली

उत्तर : वाट बदलली हे खरे, पण ती लोकप्रियतेसाठी बदलली असे मला वाटत नाही. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी जॉर्जिया राज्यातील मेकन शहरात गिटारवादक ड्युएन ऑलमन मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला. पुढच्याच वर्षी, या अल्बमचे ध्वनिमुद्रण सुरू असताना, ११ नोव्हेंबरला बास गिटार वाजवणारा बेरी ओकली त्याच शहरात तशाच अपघातात गेला. दोघेही चोवीस वर्षांचे होते.

ड्युएन आणि बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्स यांच्या गिटारींची गुंफण हीच बँडची ओळख होती. ड्युएनच्या जागी कोणीही आला असता, तरी त्याचा प्रत्येक सूर ड्युएनशी ताडून पाहिला गेला असता. बँडने ती जागा गिटारने भरलीच नाही. वीस वर्षांचा पियानोवादक चक लेव्हेल घेतला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे तुलनाच संपली आणि रचनेचा पोत नव्याने घडला. ‘जेसिका’ या शब्दविरहित रचनेत बेट्सची धून संपते तिथून लेव्हेलचा पियानो ज्या मोकळेपणाने पुढे सरसावतो, तो ऐकावा.

कंट्रीचे वळण बेट्सचे आहे. ड्युएनचा भाऊ आणि बँडचा गायक ग्रेग ऑलमन तेव्हा स्वतःच्या एकल अल्बममध्येही गुंतलेला होता, त्यामुळे सातपैकी चार रचना बेट्सच्या आल्या. त्यांतील ‘रॅम्बलिन मॅन’ अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अल्बम तर पाच आठवडे अग्रस्थानी राहिला. मात्र त्या गाण्याच्या अखेरीस पाहुणा वादक लेस ड्युडेक आणि बेट्स जोडीने वाजवतात, तेव्हा जुन्या गुंफणीशी असलेले नाते स्पष्ट ऐकू येते.

आपण पुन्हा ऐकाल तेव्हा बासकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. ‘वेस्टेड वर्ड्स’ आणि ‘रॅम्बलिन मॅन’ या दोन गाण्यांत ओकली वाजवतो. उरलेल्या रचनांत त्याच्या जागी आलेला लमार विल्यम्स आहे.