लॅब्रॅडॉर गुरगुरतो, कारवान ऐकत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे लॅब्रॅडॉर आहे. तो इतका गरीब आहे की त्यांची नातवंडे त्याच्या ताटलीत हात घालतात, तरी तो मान वर करत नाही. त्याच्याकडे पाहूनच आम्ही गेल्या वर्षी लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणले. 'पस्तीस दिवसांचे आहे, एकदम प्युअर, मुलांच्या घरात याहून चांगली जात नाही,' असे विकणाऱ्याने सांगितले होते. आता तो मोठा झाला आहे. चपलेपासून उशीपर्यंत दिसेल ते तोंडात धरून फिरतो, कितीही खाल्ले तरी त्याचे पोट भरत नाही, आणि जेवत असताना माझा सात वर्षांचा मुलगा जवळून गेला तर गुरगुरतो. आम्हाला मिश्र जातीचे पिल्लू देऊन फसवले, असे यजमानांचे म्हणणे आहे. तसे असेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : फसवणूक होतच नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण आपण सांगितलेल्या तीन तक्रारींवरून ती सिद्ध होत नाही. उलट, पहिल्या दोन तक्रारी अस्सल लॅब्रॅडॉरच्याच आहेत. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर राबत असत. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरदारांनी शिकारीत पडलेले पक्षी पाण्यातून, झाडीतून न चावता उचलून आणण्यासाठी त्यांची निपज केली, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. तोंडात वस्तू धरून माणसाकडे आणणे हे ज्याच्या कित्येक पिढ्यांचे काम होते, तो कुत्रा चप्पल उचलणारच. त्याला दोन-तीन मजबूत खेळणी त्याच्या हक्काची म्हणून द्या, आणि चपला कपाटात ठेवा.

भुकेचे कारण अधिक रंजक आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. त्याच गटाने २०२४ साली असेही दाखवले की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये अधिक भूक लागते आणि विश्रांतीच्या वेळी त्यांची ऊर्जा सुमारे २५ टक्के कमी खर्च होते. म्हणजे जात तीच असली तरी एक लॅब्रॅडॉर खाण्यासाठी जीव टाकतो आणि दुसरा ताटलीत चार दाणे ठेवून उठतो. जाऊबाईंचा कुत्रा दुसऱ्या प्रकारचा असावा. आपल्या कुत्र्याचे जेवण मात्र वजन करून द्या, आणि चहाबरोबरचे बिस्किट, पोळीचा शेवटचा तुकडा, सासूबाईंनी हळूच दिलेला दूधभात हे सारे त्याच हिशेबात धरा.

आता गुरगुरण्याबद्दल. इथे जातीचा आधार फार लांब नेत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या कुत्र्यांच्या वागण्याविषयी सविस्तर प्रश्न विचारले होते, आणि त्यांपैकी २,१५५ कुत्र्यांची जनुके वाचली होती. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे जेमतेम ९ टक्के स्पष्टीकरण जातीवरून मिळते, असे त्यातून दिसले. माणसाच्या सूचनेकडे लक्ष देण्याच्या बाबतीत जात थोडाफार अंदाज देते. कुत्रा किती सहज चिडेल, हे सांगण्यात ती सर्वांत कमी उपयोगी पडते. जातीजातींमध्ये सरासरीचा फरक नसतो, असा याचा अर्थ नव्हे. फिनलंडमध्ये ९,२७० कुत्र्यांची पाहणी झाली, तेव्हा माणसांवर चिडण्याच्या यादीत रफ कोली वरच्या टोकाला आणि लॅब्रॅडॉर खालच्या टोकाला होता. पण सरासरी शंभर कुत्र्यांची असते. आपण एकच घरी आणला आहे.

शिवाय आपल्या पत्रात 'पस्तीस दिवस' हे शब्द आले आहेत, ते मला खटकले. पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा इतर प्राण्यांशी आणि माणसांशी नाते जुळण्याचा काळ असतो, हे अमेरिकेतील मेन राज्यात स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या पिल्लांवर अनेक वर्षे काम करून १९६५ साली मांडले. या काळाचा पहिला भाग आई आणि भावंडांबरोबर जायला हवा. दात किती जोरात लागले म्हणजे समोरचा ओरडतो, हे पिल्लू तिथेच शिकते. आपल्या देशात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही ते सर्रास विकले जाते, कारण त्या वयात ते कापसाच्या बोळ्यासारखे दिसते आणि गिऱ्हाईक पाघळते. आपला कुत्रा याच कारणाने गुरगुरतो असे मी दुरून ठामपणे सांगू शकत नाही. मात्र जात प्युअर होती की नव्हती, यापेक्षा हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

सर्वप्रथम पशुवैद्याकडून त्याचे कान, दात आणि मागचे पाय तपासून घ्या, कारण दुखणारा कुत्रा लवकर चिडतो. त्यानंतर त्याला वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू द्या, आणि ताटली उचलेपर्यंत मुलाने त्या बाजूला फिरकायचे नाही, हा घराचा नियम करा. 'मालक कोण ते कळले पाहिजे' म्हणून जेवता जेवता ताटली ओढून घेण्याचा सल्ला कोणी दिला असेल, तर तो मोडीत काढा. त्याऐवजी मोठ्या माणसाने चार-पाच पावलांवरून जाताना ताटलीच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा टाकावा आणि न थांबता पुढे जावे. कोणी जवळ आले की आपले जाते असे नव्हे, तर भर पडते, हे त्याच्या लक्षात यायला काही आठवडे लागतात. या काळात त्याच्याकडे नीट पाहा. गुरगुरण्यापूर्वी तो भराभर गिळू लागतो, मान ताटलीवर खाली झुकते, अंग ताठ होते आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. एवढे दिसले की आपले अंतर कमी पडले असे समजावे. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. मार खाऊन इशारा बंद झालेला कुत्रा पुढे इशारा न देता चावतो. इतके करूनही फरक पडला नाही, तर वर्तनतज्ज्ञाला घरी बोलवा.

आणि जाऊबाईंनाही सांगा की नातवंडांना त्या ताटलीत हात घालू देऊ नये. त्यांचा कुत्रा सोसतो आहे, एवढेच.

प्रश्न : लातूरकडच्या मामांनी कारवान जातीची कुत्री दिली. आमच्या इमारतीतला गोल्डन रिट्रीव्हर एका हाकेत धावत येतो. आमची मात्र हाक मारली की वळून पाहते आणि आपल्या वाटेने जाते. मांजर दिसले की पट्टा हातात राहत नाही. पाहुण्यांना अंगाला हात लावू देत नाही. प्रशिक्षक म्हणतात की ती हट्टी आहे आणि डोके कमी आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : इथे मात्र जात बोलते आहे. गोल्डन रिट्रीव्हरचे काम शिकाऱ्याजवळ थांबणे, खूण पाहणे आणि पक्षी आणून हातात देणे हे होते. त्याच्या कामाचा शेवटच माणसापाशी होतो. मराठवाडा-सोलापूरच्या माळरानावरचा कारवान आणि त्याचा जवळचा नातेवाईक मुधोळ हाउंड हे नजरेने शिकार हेरणारे कुत्रे आहेत. ससा उठला की त्याने काही क्षणांत स्वतःच निर्णय घ्यायचा आणि सुसाट सुटायचे. मागे वळून धन्याची परवानगी मागणारा कुत्रा तिथे उपाशीच परतला असता. पिढ्यान्पिढ्या निवड झाली ती अशाच कुत्र्यांची. म्हणून हलत्या वस्तूमागे धावणे आणि हाकेला उशिरा येणे हा तिच्या बुद्धीचा दोष नव्हे. मुधोळ हाउंडला भारतीय सैन्याने मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतले होते, हे आपल्या प्रशिक्षकांना जरूर सांगावे.

तिला उघड्या रस्त्यावर कधीही मोकळी सोडू नका. लांब दोरी लावून किंवा चारी बाजूंनी बंदिस्त मैदानात तिला दिवसातून एकदा मनसोक्त पळू द्या. या कुत्र्यांची मान डोक्याएवढीच जाड असल्याने साधा पट्टा डोक्यावरून सहज निसटतो, त्यामुळे रुंद आणि ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा किंवा छातीवरचा हार्नेस वापरावा. हाकेला येण्याचा सराव आधी बंद खोलीत, मग जिन्यात, मग मैदानात करा, आणि ती आली की दर वेळी तिच्या आवडीचे खाणे द्या. आल्यावर लगेच पट्टा बांधून घरी नेले, तर पुढच्या वेळी ती येणार नाही, आणि यात तिचे चुकतेही नाही.

पाहुण्यांचा मुद्दा मी वेगळा ठेवतो. ही जात परक्यांपासून अंतर राखते असे म्हणतात, आणि बहुधा ते खरे आहे. पण आल्या-गेल्याच्या मांडीवर डोके ठेवणारे कारवानही मी पाहिले आहेत. आपली कुत्री गावाकडे मोकळ्या वाड्यात वाढून एकदम लिफ्टच्या इमारतीत आली असेल, तर तिच्या बुजण्यात जातीपेक्षा त्या बदलाचा वाटा मोठा असू शकतो. पाहुण्यांना तिच्याकडे दुर्लक्ष करून बसायला सांगा, हुंगायला ती आपणहून येईल. प्रशिक्षक पट्टा झटकून किंवा मारून शिकवत असतील, तर ते बदला.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका सभासदाकडे रॉटवायलर आहे. सरकारने ही जात बंद केली आहे ना? मग समितीने तो काढायला लावावा का? — समिती सदस्य, ठाणे

उत्तर : केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींच्या आयात, निपज आणि विक्रीवर बंदी घालण्यासंबंधी राज्यांना पत्र पाठवले होते आणि त्यात रॉटवायलरचे नाव होते. संबंधितांशी चर्चा न करता काढलेले म्हणून ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. त्यामुळे त्या पत्रकाच्या आधारावर समितीने सभासदाला कुत्रा काढायला लावू नये. आपली भीती मी अनाठायी मानत नाही, कारण चाळीस-पंचेचाळीस किलोच्या कुत्र्याचा चावा आणि पाच किलोच्या कुत्र्याचा चावा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र चावण्याची शक्यता आणि चाव्याची इजा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००८ सालच्या एका अमेरिकी सर्वेक्षणात माणसांवर दात उगारण्यात डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर पुढे होते. त्यांच्या चाव्याची तक्रार सहसा कोणी करत नाही.

समितीने जात न विचारता त्या कुत्र्याची माहिती घ्यावी. तो पूर्वी कोणाच्या अंगावर गेला आहे का, दिवसभर बांधून ठेवला जातो का, फिरवायला प्रौढ माणूस नेतो की शाळकरी मुलगा, आणि रेबीजची लस वेळेवर दिली आहे का, हे पाहावे. पूर्वी चावल्याची नोंद असेल, तर सामायिक जागेत तोंडाला जाळी आणि आखूड पट्टा यांचा आग्रह लेखी धरावा. नोंद नसेल, तर गर्दीच्या वेळी लिफ्टऐवजी जिना वापरण्याची विनंती पुरेशी ठरेल. हे नियम इमारतीतल्या प्रत्येक कुत्र्याला लागू करावेत, पहिल्या मजल्यावरच्या पॉमेरेनियनलाही.