दिल्ली-पुण्यात बीआरटी फसली, मग घोडबंदर रोडसाठी ती मागण्यात काही अर्थ आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला, दिल्ली आणि पुण्यात जे झालं ते पाहता बीआरटीची, म्हणजे बसला वेगळा रस्ता देण्याची, कल्पना आपल्याकडे चालतच नाही का. दुसरा, मेट्रो ४ ठाण्यातल्या या घोडबंदर रोडवरूनच जाणार आहे, मग बससाठी एवढा आटापिटा कशाला. मी याच रस्त्यावरच्या वाघबीळला राहतो. त्याआधी नोकरीनिमित्त काही वर्षं अहमदाबादला होतो आणि तिथल्या बीआरटीच्या, म्हणजे जनमार्गच्या, बसनेच कामावर जायचो. त्यामुळे माझं मत ठाम आहे: मागण्यात अर्थ आहे, पण नुसती 'लेन द्या' अशी मागणी केली तर हाती काही लागणार नाही.

बसचा वेळ जातो कुठे, ते आधी बघू. थोडा वेळ थांब्यावर जातो, थोडा चौकात आणि उरलेला कोंडीत. लेन फक्त कोंडीवरचा इलाज आहे. थांब्यावर काय होतं? जुन्या धाटणीच्या बसला दोन-तीन उंच पायऱ्या असतात, चढायला एकच अरुंद दार, वर गेल्यावर कंडक्टर आणि सुट्ट्या पैशांचा घोळ. माणशी तीन सेकंद धरले तरी वीस माणसं चढायला मिनिट लागतं. असे पंधरा थांबे झाले की पाव तास गेला. रस्ता पूर्ण मोकळा असता तरी तो गेलाच असता.

अहमदाबादला ऑक्टोबर २००९ मध्ये जनमार्गचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा त्यांनी नेमकं हे दुखणं पकडलं. स्टेशनं रस्त्याच्या मधोमध बांधली, त्यांचा फलाट बसच्या आतल्या जमिनीच्या उंचीचा ठेवला आणि तिकीट स्टेशनात शिरतानाच काढायचं ठरवलं. स्टेशन मध्ये असल्यामुळे बसला दारं उजव्या बाजूला दिली, तीही रुंद. बस लागते, दारं उघडतात, माणसं सपाट चालत आत जातात, बस निघते. माझ्या आईचे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे. ठाण्यात ती बस टाळायची, रिक्षाच हवी म्हणायची. अहमदाबादला मात्र एकटी मणिनगरला जाऊन यायची. बसची पायरी किती उंच आहे यावर म्हातारी माणसं घराबाहेर पडणार की नाही हे ठरतं. रस्त्याचे आराखडे करणाऱ्यांनी ही गोष्ट सगळ्यात वर लिहून ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

आता दिल्ली. आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा तुकडा २००८ मध्ये सुरू झाला. लेन मधोमध होती, पण बाकीचं फारसं काही नव्हतं. कोणतीही बस तिच्यात शिरू शकत होती, त्यात खासगी ब्लूलाइन बसही आल्या. तिकीट बसमध्येच, चढायला त्याच पायऱ्या. थांबे चौकाला लागून होते, म्हणून सिग्नलला बसची रांग लागायची आणि मागच्या बसमधल्यांना उतरताही यायचं नाही. एखादी बस बंद पडली की तिच्या मागचं सगळं ठप्प. शेजारच्या लेनमध्ये मोटारवाले अडकलेले आणि बसची लेन त्यांना रिकामी दिसायची, त्यामुळे ओरड सुरू झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१२ मध्ये बीआरटीविरुद्धची याचिका फेटाळली, तरी २०१५ मध्ये सरकारने मार्ग काढून टाकायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये तो उखडला.

'रिकामी लेन' या आक्षेपाचं उत्तर गणितात आहे. मिनिटाला एक बस सोडा, बसमध्ये साठ माणसं धरा. तासाला ३,६०० माणसं गेली, आणि दोन बसच्या मधला पाऊण मिनिट लेन रिकामीच दिसली. सिग्नल असलेल्या रस्त्यावर त्याच रुंदीच्या लेनमधून तासाला सात-आठशे मोटारी गेल्या आणि मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर हजार-बाराशे माणसं होतात. लेन मात्र गच्च भरलेली दिसते. रस्त्यावर डोळ्यांना पत्रा दिसतो, आतली माणसं दिसत नाहीत. पण हे गणित मिनिटाला एक बस खरोखर आली तरच खरं. वीस मिनिटांनी एक बस येणार असेल तर मोटारवाल्याचा राग रास्त आहे, आणि तेव्हा मीही त्याच्याच बाजूने बोलेन.

पुण्याचं तुम्हाला माहीत असेलच. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर, देशातला पहिला प्रयोग. लेनमध्ये दुचाक्या घुसल्या, काही ठिकाणी लेनच तुटक होती. २०१५ मध्ये 'रेनबो' नावाने नव्याने मार्ग आले, तेव्हा स्टेशनं बरीच सुधारली होती. तरीही नगर रोडवरची मार्गिका पुढे काढली गेली. पिंपरी-चिंचवडचे रस्ते रुंद, तिथे ती जास्त टिकली.

बाहेरची उदाहरणं लोक कोलंबियाच्या राजधानीपासून, बोगोटापासून, सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. महापौर पेन्यालोसा यांच्या काळात, डिसेंबर २००० मध्ये, ट्रान्समिलेनियो नावाची बीआरटी सुरू झाली. तिथे स्टेशनापाशी दुसरी लेन असते, म्हणजे थांबलेल्या बसला मागची जलद बस ओलांडून जाते. एका दिशेला तासाला पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात माणसं नेण्याचं बळ या एका गोष्टीतून येतं. दुसरी सुधारणा कमी दिसते, पण मला ती जास्त मोलाची वाटते. आधी बसवाल्यांची कमाई प्रवाशांवर होती, म्हणून प्रवासी पळवायला बसच्या शर्यती लागायच्या. ट्रान्समिलेनियोत चालवणाऱ्या कंपन्यांना पैसे मुख्यतः किलोमीटरवर मिळू लागले. शर्यतीचं कारणच संपलं. आज तिथे गर्दी बेसुमार आहे, हेही खरं.

पण घोडबंदरसाठी मी बोगोटा बघणार नाही, इस्तंबूल बघेन. कारण इस्तंबूलची बीआरटी, म्हणजे मेट्रोबस, शहरातल्या रुंद रस्त्यावर नाही, महामार्गावर धावते. डी-१०० नावाचा हा महामार्ग शहराच्या पोटातून जातो. २००७ मध्ये अव्जिलार ते तोपकापी हा पहिला तुकडा सुरू झाला. २००९ मध्ये बस बॉस्फोरसचा पूल ओलांडून आशियाच्या बाजूला गेली, २०१२ मध्ये पश्चिमेला बेयलिकदुझूपर्यंत पोचली. आज ही एकच रेघ सुमारे ५२ किलोमीटरची आहे आणि रात्रंदिवस चालू असते.

तिथली एक युक्ती तर फारच सुंदर आहे. तुर्कस्तानात गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून बसची दारंही उजव्या बाजूला. फलाट मात्र महामार्गाच्या मधोमध, म्हणजे बसच्या डाव्या हाताला. अहमदाबादने अशा वेळी बसची दारं बदलली. इस्तंबूलने बस तशाच ठेवल्या आणि त्या आपल्या कुंपणाआड डाव्या बाजूने, शेजारच्या वाहतुकीच्या उलट दिशेने चालवल्या. दारं आपोआप मधल्या फलाटाकडे आली. नेहमीच्याच बनावटीच्या बस चालल्या, आणि दोन्ही दिशांना एकच फलाट पुरला. हे जमलं कारण त्या रस्त्यावर कुणी पायी आडवं जातच नाही. माणसं पादचारी पुलावरून स्टेशनात उतरतात. गर्दीच्या वेळी हे पूलच अपुरे पडतात, ही तिथली मोठी तक्रार आहे. बॉस्फोरसच्या पुलावर मात्र वेगळी लेन नाही. तिथे बस इतर गाड्यांमध्येच मिसळते आणि पलीकडे पुन्हा आपल्या वाटेला लागते. म्हणजे सगळीकडे जागा मिळाली नाही तरी मार्ग उभा राहू शकतो. आपल्याकडे 'पूर्ण जागा नाही म्हणून काहीच नको' असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

आता घोडबंदर रोड. या रस्त्याची ठेवणच बससाठी झाली आहे. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा एका सुतात ओवल्यासारखे. लाखो माणसं एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून बसची वाट आधी आखली आणि उंच इमारतींना तिच्याच कडेने परवानगी दिली. आपण टॉवर आधी उभे केले. आकार मात्र तोच तयार झाला आहे.

अडचणीही खऱ्या आहेत. हा गुजरातकडे जाणारा रस्ता, त्यामुळे कंटेनर आणि ट्रक ठरावीक वेळी सोडले तरी येतातच. मेट्रोचे खांब आणि उड्डाणपूल यांनी जागा आधीच वाटून घेतली आहे. आणि एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळचे उड्डाणपूल मोटारींना चौक चुकवायला झाले, पण थांबे पुलाखाली आहेत, म्हणून बसला खालूनच जावं लागतं. मोटार वरून सुटते आणि साठ माणसांची बस खाली सिग्नलला उभी राहते. पुलाचा फायदा मोटारींना झाला, बसला मिळालाच नाही. त्यामुळे मधोमध स्टेशनं असलेली अहमदाबादसारखी बीआरटी इथे आता बसणार नाही असं माझं मत आहे, आणि तिच्यासाठी हट्ट धरू नये.

त्याऐवजी डावीकडची लेन गर्दीच्या वेळी बसला द्या. नेहमीच्या डाव्या दाराच्या बस चालतील. थांबे बसच्या जमिनीइतके उंच करा, तिकीट थांब्यावरच मिळू द्या. पुलाखालच्या प्रत्येक चौकात बसला आधी हिरवा सिग्नल मिळू द्या. डाव्या लेनचा शत्रू म्हणजे उभ्या केलेल्या गाड्या. त्यासाठी बसच्याच पुढच्या काचेत कॅमेरा लावून दंड थेट घरी पाठवायला हवा, कारण प्रत्येक थांब्यावर पोलीस उभा करणं शक्य नाही. एवढ्यावर बीआरटी हे नाव शोभणार नाही, पण बसचा जो वेळ थांब्यावर आणि चौकात जातो तो बराचसा वाचेल.

नवी मुंबईतले मित्र मला सांगतात की पाम बीच रोडवर सुरुवात करा, तिथे जागा भरपूर आहे. तिथे लेन आखणं सोपं आहे हे कबूल, पण त्या रस्त्याला लागून माणसं किती उतरतात? बसला माणसं लागतात, जागा त्यानंतर.

मेट्रोबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात आहे. मेट्रो ४ वडाळ्याहून येते ती तीन हात नाका, कॅडबरी नाका, माजिवडा, कापूरबावडी करत कासारवडवलीला आणि पुढे ४अ म्हणून गायमुखला जाते. ती ठाणे रेल्वे स्टेशनला शिवत नाही. घोडबंदरहून सकाळी निघणाऱ्या कितीतरी जणांना मात्र लोकलच पकडायची असते. स्टेशनला जोडणारी २९ किलोमीटरची अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली, तिचं लक्ष्य २०२९ आहे. तोवर, आणि त्यानंतरही गल्लीबोळांतून मेट्रो स्टेशनपर्यंत आणणारी, बसच लागणार.

म्हणून सुरुवात घोडबंदरच्या टोकाला नको, स्टेशन ते माजिवडा या तुकड्यावर हवी. तिथे एक धडा आपल्या डोळ्यांसमोरच आहे. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारण्यासाठी बांधलेला सॅटिसचा पूल बससाठी राखून ठेवला, रिक्षा आणि खासगी गाड्या खाली ठेवल्या, आणि बसना स्टेशनच्या दाराशी लागता येऊ लागलं. ठाणेकरांनी तो राखीव रस्ता निमूटपणे स्वीकारला आहे. पुलावरून उतरलेल्या बसला माजिवड्यापर्यंत तसाच अग्रक्रम मिळाला, तर घोडबंदरच्या प्रत्येक बसची फेरी लवकर पुरी होईल आणि त्याच बस, तेच ड्रायव्हर दिवसात जास्त फेऱ्या मारतील. नव्या बस विकत न घेता बस वाढवण्याचा हाच एक मार्ग मला दिसतो.

महापालिकेच्या अर्थसंकल्पाआधी सूचना पाठवणार असाल किंवा तुमच्या नगरसेवकाला भेटणार असाल, तर कागदावर 'बीआरटी' हा शब्द लिहू नका. तो वाचला की समोरच्याला पुणे आठवतं. थांब्यांची उंची, थांब्यावर तिकीट, चौकातला बसचा सिग्नल आणि स्टेशन ते माजिवडा डावी लेन, असं वेगवेगळं लिहा. प्रत्येकाचा खर्च वेगळा काढता येतो आणि एक नाकारलं तरी बाकीची मागणी उभी राहते. ठाण्यात इथली टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी आणि मुंबईची बेस्ट अशा तिन्हींच्या बस येतात, म्हणून तिकीट तिन्हींत चालणारं हवं, हेही त्यातच मांडा. इस्तंबूलला एकाच कार्डावर मेट्रोबस, मेट्रो आणि बोट तिन्ही चालतात, आणि मेट्रोबसमध्ये आधीच्या स्टेशनावर उतरलात तर उरलेले पैसे तिथल्या यंत्राला कार्ड लावून परत घेता येतात.